जानवं उजव्या खांद्यावर

मंगळवार, संध्याकाळ

पटकथा स्पर्धेला पाठवली एकदाची. निकाल काहीही लागो, मी आजच भरून पावलो.

कथेतला मुलगा मेलेल्या वडिलांचं तर्पण नदीच्या शिंदे घाटावर करतो. ते वडील म्हणजे हुबेहूब आमचे बाबा. पौरोहित्य करणारे, तापट, चहा बशीतूनच पिणारे. जिवंत माणसाला हे वाचून कसं दाखवायचं? आठवडाभर टाळलं, आज दुपारी वाचलं.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "जानवं डाव्या खांद्यावर लिहिलंयस. पितरांना पाणी देताना ते उजव्या खांद्यावर घ्यायचं."

बस, एवढंच? राग नाही, काही नाही? मी पटकथेतलं जानवं उजव्या खांद्यावर नेलं.

उठताना बाबा म्हणाले, "नीट बघ रे. ते पाणी मला पोचायला हवं."