सोमवारचं जेवण

८ जुलै १९७९, रविवार
तीन महिने इथे एक ओळ नाही. माफ कर, वही. लिहिलं असतं तर खोटंच लिहिलं असतं.
सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या — महिना उपासांनीच भरत गेला. आषाढीला घरभर खिचडी वाढली, दाण्याचं कूट सढळ हाताने घालून. माझी चमचाभर ताटात नुसती पसरून ठेवली. परवा शाळेत, शिकवता शिकवता घेरी आली. मुलींसमोर खाली बसले.

१० जुलै
रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडे. वजन अडतीस किलो. पाळी वर्षभर नाही. मी वयावर ढकललं होतं. "त्रेचाळिसाव्या वर्षी? नाही हो, शरीर उपाशी आहे." मग हळूच — "उपास देवासाठी धरता, की न जेवायला कारण हवं म्हणून?"
राग आला. घरी येताना रिक्षात रडले. पहिला सोमवार धरला तेव्हा देव होता — नक्की होता! मग ब्लाउज सैल झाला आणि मला आनंद झाला. त्या आनंदालाच मी भक्ती म्हणत गेले का?
आता सगळे उपास बंद. तीन-तीन तासांनी थोडं खायचं.

११ जुलै
अर्धी वाटी वरणभात. पाऊण तास लागला. नंतर ते अंगी लागू नये म्हणून अंगणात फेऱ्या मारल्या. हेही लिहायलाच हवं.

१६ जुलै, सोमवार
सकाळी एक पोळी, भाजी. स्वयंपाकघराचं दार लावून! शेजारणी माझ्या पाया पडतात, त्यांना काय सांगू?
भांडी घासायला आलेल्या भीमाबाईने ताट पाहिलं. "जेवल्या ना बाई? मंग लपून काहून? चोरी करून राहिल्या का?"
तुमच्यात उपास नसतात का, विचारलं.
"छप्पन साली दीक्षा घेतली, तवाच सोडले. त्याच्या आधी आमी उपाशीच राहत होतो, बाई. तवा कोनी पाया नाही पडलं!"
ती हसली. मला हसता आलं नाही.

२४ जुलै
एकोणचाळीस किलो. डॉक्टरीणबाई खूश. मी घाबरले. संध्याकाळी ह्यांना म्हटलं, बाहेर खाल्लं. खोटं.

२९ जुलै, रविवार
चारुशीला दुपारी पानावर बसली नाही. सतरा वर्षांची माझी लेक. म्हणाली, "उद्या पहिला श्रावणी सोमवार. तुझ्याबरोबर मीही धरणार, नुसत्या पाण्यावर. सवय करतेय महिनाभर. हे बघ, आई!" मनगटाभोवती अंगठा आणि करंगळी जुळवून दाखवली. केवढी खुशीत होती!
महिनाभर. मला दिसलं नाही. तिला माझे उपास तेवढे दिसले. जेवण मी दाराआड ठेवलं.
उद्या: सकाळी तिच्यासमोर बसून पोटभर जेवायचं. आधी मी.