चाळीस आवाजांत माझा

तीर्थरूप आईस,
दुरूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. कॉलेजच्या आम्हा चाळीस गाणाऱ्या पोरांच्या दौऱ्यातलं हे सहावं गाव. जेवण वेळेवर मिळतं. घसा तीन दिवस बसला होता, आता सुटलाय. बाबांना सांगू नकोस.

घसा बसला होता तेव्हा कार्यक्रमात मी नुसतेच ओठ हलवायचो. काल मात्र चहूकडून सूर आले आणि मी त्यांवर तरंगायलाच लागलो. डोळे मिटले, तर तू कपड्यांच्या घड्या घालत गुणगुणत होतीस. तेवढ्यात शेजारच्या जाड्याने कोपराने ढोसलं.

"अरे, तू गातोयस," तो कुजबुजला.

ताई लिहिते, बाबा अंथरुणाला खिळल्यापासून तू गुणगुणत नाहीस. हळू का होईना, गुणगुणत जा. डोळे मिटलेले असले तरी बाबा ऐकत असतात.

तुझाच,
धाकटा