चौथं बटण

प्रिय धाकट्या,

सोबतचं पुडकं लगेच उघडू नकोस, आधी हे वाच. सात वर्षांनी दादाला पत्र लिहायची बुद्धी कशी झाली, असं तू बायकोला विचारत असशील. विचार, विचार. बाबांच्या माघारी त्यांची मोठी कात्री हरवली, मी तुझ्यावर आळ घेतला, तू भरल्या ताटावरून उठलास आणि पुलापलीकडे वेगळं दुकान थाटलंस. तेव्हापासून रस्त्यात समोरासमोर आलो तरी आपण दोघंही दुकानांच्या पाट्या वाचत चालतो. एवढं वाचन मी शाळेत केलं असतं तर शिंपी झालोच नसतो.

माझा विसरभोळेपणा तुला ठाऊक आहे. आता त्याने कहर केलाय. मागच्या महिन्यात एका कोटाची डावी बाही दोन दिवस शोधली आणि ती उजव्या बाहीच्या आत सापडली. तुझ्या वहिनीचं किती ऐकून घेतलं म्हणून सांगू! शेवटी पोरीने चार चकत्या आणून दिल्या. ती त्यांना काहीतरी इंग्रजी नावाने बोलावते, मी आपला बटणं म्हणतो, कारण ओव्हरकोटाच्या बटणाएवढ्याच आहेत, फक्त भोकं नाहीत. एखाद्या वस्तूला बांधून ठेवायचं, ती हरवली की फोनवर दाबायचं, मग ते बटण असेल तिथून पी-पी करून ओरडतं. वस्तू लांब असेल तर फोन नकाशात जागा दाखवतो.

पहिलं बटण चष्म्याच्या घराला लावलं. पण चष्म्याशिवाय मला फोनवरचं काही दिसत नाही, त्यामुळे आधी चष्मा सापडतो आणि मग मी तो शोधतो. दुसरं तुझ्या वहिनीने गुपचूप माझ्या जाकिटाच्या अस्तरात शिवलं. डॉक्टरांनी गोड बंद केलंय ना! बँकेत जातो म्हणून निघालो, बेकरीत दुसरा केक तोंडात घालतोय तोवर बाई दारात हजर. पण टाका काय घातला होता रे! चाळीस वर्षं शिवणकाम करणाऱ्या माणसाला पत्ता लागला नाही. मानलं बुवा तिला. तिसरं बटण लावलं मापाच्या टेपला, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

मंगळवारी बँडमधले ते जाडे ट्रंपेटवाले कोटाच्या ट्रायलला आले. त्यांच्या घेराचा पुतळा कुठे मिळणार? म्हणून बाबा करायचे तसं मीही आपल्या जुन्या पुतळ्याला कापूस आणि चिंध्यांचं पोट भरतो आणि वरून कापड शिवून टाकतो. पहिल्यांदा भरलं ते सात वर्षांपूर्वी, त्यांच्याच लग्नाच्या कोटासाठी. पुढे माणूस वाढत गेला तसे मी वरून थर चढवत गेलो, आतलं काढलं कधीच नाही. शेवटचा थर परवाच चढवला होता. तर माप घ्यायला टेप सापडेना. मी फोनवर दाबलं, पी-पी सुरू झालं, आणि ट्रंपेटवाले नेमके पुतळ्याला खेटून उभे. बिचाऱ्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं पोट दाबून धरलं आणि लालबुंद होऊन सांगायला लागले, की सकाळपासून पोटात काही नाही. मी पोटाला कान लावला. पुतळ्याच्या हं, त्यांच्या नव्हे. शिवण उसवली, तर पोट भरताना टेप मी आतच शिवलेली.

ती ओढून काढताना खाली, अगदी जुन्या कापसात, बोटाला काहीतरी गार लागलं. धाकट्या, बाबांची कात्री! तू डावखुरा, तुझ्या अंगठ्याला घट्टा पडू नये म्हणून बाबांनी मुठीला गुंडाळलेली ती तांबडी चिंधी अजून तशीच आहे. मीच ती आत शिवून टाकली, आणि सात वर्षं त्याच पुतळ्यासमोर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला तुझी चोरी सांगत राहिलो. गिऱ्हाइकासमोर ढसाढसा रडलो रे. ट्रंपेटवाल्यांना वाटलं, कोट बिघडला. चुकलो मी. सख्ख्या भावाला चोर म्हणालो, मला माफ कर. आता उघड पुडकं. पाती तेल लावून पुसली आहेत, धार मात्र लावलेली नाही, ती तुझ्या हाताने लाव. चौथं बटण कात्रीच्या मुठीला बांधलंय. ती तुझ्या दुकानात पोचली की मला नकाशात दिसेल. तिथेच राहिली तर राहू दे, ती तुझीच आहे. पण कधी पूल ओलांडून इकडे यायला निघाली, तर तेही दिसेल. म्हणून चष्मा दोरीने गळ्यात बांधून बसलोय.

तुझाच,
दादा