चाळीस पानांचा नमुना

सोमवार, ३
नोकरी लागली! दहावी नापास असूनही. साहेब म्हणाले, तुझं शुद्धलेखन पाहून घेतलं. ज्यांना सवड नाही त्यांची सोशल मीडियाची खाती आपण चालवायची, त्यांच्याच सुरात उत्तरं द्यायची. खिडकीजवळचं टेबल, नवी खुर्ची. लिहिण्याचा नमुना म्हणून घरच्यांविषयी दोन पानं मागितली. मी चाळीस दिली. आई कशावरून रुसते, ताईला काय म्हणून चिडवतो, सगळं. ताई फोनवर म्हणाली, मुखदुर्बळाला बोलायचा पगार, कमाल आहे बाबा!

गुरुवार, ६
मला एका निवृत्त मास्तरांचं खातं मिळालं. त्यांची बायको रोज सकाळी विचारते, गोळी घेतलीत का? जुन्या पोस्ट चाळून मी लिहितो, तू आठवण केल्याशिवाय घेतो का? ती खूश होते. एका घरात राहून हे खात्यावर कशाला, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं. त्या सहज म्हणाल्या, अरे, मास्तरांना जाऊन दोन वर्षं झाली.

मंगळवार, ११
साहेबांशी बोललो. म्हणाले, माणूस गेला म्हणून खातं कशाला जायला हवं?
संध्याकाळी आईचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. हल्ली रोज किती मोकळेपणाने लिहितोस रे, म्हणाली.
मी आठवडाभर तिला एक ओळही लिहिलेली नाही.

शुक्रवार, १४
बाई जेवायला उठल्या. त्यांच्या स्क्रीनवर माझा फोटो. बाजूला माझी चाळीस पानं, लाल पेनाने खुणा केलेली. परत आल्यावर म्हणाल्या, रागावू नकोस, तुझं काम फार सोपं, सगळं लिहूनच दिलंयस. मी म्हणालो, पण मी जिवंत आहे. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. रविवारच्या १६ भोवती लाल पेनाचं वर्तुळ होतं.

शनिवार, १५
आईला फोन केला. घाबरून अडखळलो. तिने विचारलं, कोण बोलतंय? माझा मुलगा आता असा ततपप करत नाही — आणि ठेवून दिला.

रविवार, १६
पहिल्या बसने घरी. दार उघडत नाहीत. ताई आतून म्हणते, आवाज तसाच आहे गं आई, पण त्याने सकाळीच कळवलंय, माझ्यासारखा कोणी आला तर —
तिला चिडवायच्या नावाने हाक मारली. तेही त्याला ठाऊक — पान सतरा — मीच लिहिलेलं —
जिन्यात बसलोय. आत फोनवर मेसेज वाजला. ताई मोठ्याने वाचते आहे. हेच. माझी ही रोजनिशी. शब्द न शब्द — आता मी लिहिलंय त्याच्याही पुढे गेली — म्हणते, इथे तो थांबतो. नाही, मी थांबणार नाही, मी