नदीकाठचा निबंध

अकोला
२० ऑगस्ट १९६२

चि. सहदेव यास मामाचे अनेक आशीर्वाद.

एडनहून टाकलेले तुझे कार्ड पोचले. बोटीवर भाकर मिळत नाही हे रडगाणे मी अमरावतीला जाऊन तुझ्या मायला दोनदा वाचून दाखवले. ती पोट धरधरून हसली. राजापेठेत भेटेल त्याला थांबवून सांगते, की माहा सहदेव गुराईच्या डाक्टरीचं मोठं शिकाले अमेरिकेत गेला. लोक आता तिला पाहून रस्ता बदलतात.

आता कामाचे. तिथे पोचल्यावर परदेशी मुलांना एका खोलीत बसवून तासभर इंग्रजी निबंध लिहायला लावतात आणि त्यावरून वर्ग ठरवतात. घाबरू नकोस. माझ्या शिकवणीचा पुंजाजी खंडारे गेल्या वर्षी त्याच कॉलेजात गेला. त्याने माझा 'नदीकाठची संध्याकाळ' जसाच्या तसा उतरवला आणि थेट वरच्या वर्गात बसला. तुला तर तो झोपेतून उठवले तरी येतो. विषय काहीही येवो, दोन ओळींत गाडी नदीवर आण. पुढचे नदी बघून घेईल. तीस वर्षांत या निबंधाने माझ्या एकाही मुलाला दगा दिला नाही.

लोभ आहेच. तिकडच्या थंडीत तुझाही गोठू देऊ नकोस.

तुझा मामा,
भगवंत


अमेरिका
२४ सप्टेंबर १९६२

ती. मामांस सहदेवचा सविनय जयभीम. वि. वि.

मामा, घात झाला. मायला इतक्यात सांगू नका.

विषय आला, यंत्रांमुळे तुमच्या गावात काय बदलले. मी लिहिले, आमच्या वलगावला पाणी ओढायचे इंजिन आले आहे, ते नदीकाठी आहे आणि नदीकाठची संध्याकाळ फार रम्य असते. पुढे तुमचा निबंध. स्वल्पविरामसुद्धा चुकवला नाही.

चौथ्या दिवशी तपासणाऱ्या बाईंनी बोलावले. साठीच्या आहेत, बोलणे मायेचे. त्यांनी टेबलावर दोन कागद ठेवले, एक माझा, एक पुंजाजीचा गेल्या वर्षीचा. सूर्य त्याच झाडामागे बुडतो, बगळे तेवढेच, गुराखी तीच बासरी वाजवतो. हे कोणाचे, असे त्यांनी विचारले. मी खरे सांगितले, माझ्या मामांचे. वाटले, गुरूचे नाव घेतले म्हणून खूश होतील. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, आमच्याकडे याला चोरी म्हणतात. पुंजाजीलाही बोलावणे गेले. आता मी दिसलो की तो मान फिरवतो.

मग त्यांनी कोरा कागद दिला. कशावरही लिही, चुका झाल्या तरी चालतील, फक्त तुझ्या मनचे लिही म्हणाल्या. मामा, मी तासभर बसलो. जे वाक्य सुचे ते तुमच्या कुठल्यातरी निबंधातले निघे. शेवटी कागद कोराच दिला.

मला सगळ्यात खालच्या इंग्रजीच्या वर्गात घातले आहे. गुरांच्या डॉक्टरीच्या वर्गात तोवर बसू देत नाहीत. डिसेंबरात पुन्हा निबंध. तोही गेला तर शिष्यवृत्ती बंद आणि जानेवारीत परत. काय करू, तुम्हीच सांगा.

रागावलात तरी माया असू द्यावी.

आपला,
सहदेव


अमरावती
१० ऑक्टोबर १९६२

भगवंतास बाईचा आशीर्वाद.

आयतवारी तू आला आन भाकर ताटात तशीच ठेवून उठला, तवाच मी समजली. तुह्या कोटाच्या खिशातून पत्र मीच काढलं. प्रौढ वर्गात वाचाले शिकली, ते असं कामी पडलं.

चोरी कायची रे? मामाचं भाच्यानं घेतलं तं ते चोरी व्हते काय? दिवसभर ढोरावानी घोकलं माह्या पोरानं. त्या बाईले कोनी समजावून काहून नाही सांगत? तूच लिही तिले पत्र. साऱ्या अकोल्यात तुह्यासारखं इंग्रजी कोनाले येत नाही, असं तूच सांगत फिरते ना? मंग आता दाखव.

वसतिगृहात पोरींच्या पोळ्या लाटून राहिली, पन ध्यान नाही. काल तीन पोळ्या जळल्या. आपल्या वस्तीतलं पयलं पोरगं समुद्रापार गेलं. ते वापस आलं तं लोक काय म्हनतीन, ते जाऊ दे. त्याच्या जिवाले काय वाटन, तेच मले खाऊन राहिलं.

उशीर नको करू. बोलली जास्त, पन तू माहाच आहे.

तुही बहीण,
मनकर्णा


अकोला
१९ ऑक्टोबर १९६२

ती. बाईस भगवंताचा सविनय जयभीम. वि. वि.

बाई, आठ दिवस कॉलेजातल्या त्या बाईंना पत्र लिहायला बसतो आहे. तुझ्याशी खोटे बोलत नाही, मला ते लिहिता आले नाही.

मायना झाला की पुढची ओळ अर्जाच्या नमुन्यातली येते. ती खोडली की शिफारसपत्रातली येते. मुलाचा दोष नाही, माझा आहे, एवढेच सांगायचे होते. ते कुठल्याच नमुन्यात नाही. आणि तो निबंधही माझा नाही ग. मॅट्रिकला माझ्या मास्तरांनी मला पाठ करायला लावला होता. त्यांना कोणी दिला, कोणास ठाऊक! आमच्या मोर्णा नदीला उन्हाळ्यात डबकेसुद्धा उरत नाही, बगळे कुठले! मी तीस वर्षांत एकदाही तिथली संध्याकाळ जाऊन पाहिली नाही.

आणि कसेबसे लिहून धाडले, तरी त्या बाई तो तिसरा कागद म्हणून त्या दोन कागदांशेजारी ठेवतील. रस्त्यात लोक अजून मास्तर म्हणून वाट देतात. मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

शिव्या दे, पण बोलणे टाकू नकोस.

तुझा,
भगवंत


अमेरिका
१८ डिसेंबर १९६२

ती. मामांस सविनय जयभीम. वि. वि.

परीक्षा झाली. विषय होता, तुम्हाला घडवणारे माणूस. दोन पाने हवी होती. माझ्या अकरा ओळी झाल्या. बाई म्हणाल्या, हे तुझे आहे, पण फार थोडे आहे, आणि नियम माझ्या हातात नाही. त्यांचेच डोळे भरून आले, मीच त्यांना पाणी आणून दिले. पुंजाजीचे एक वर्ष पुरे झाले म्हणून त्याला ठेवले. माझी बोट दहा जानेवारीला सुटते.

त्या ओळी मराठीत अशा. माझे मामा इंग्रजी शिकवतात. मी त्यांच्या घरी चार वर्षे राहिलो. निबंध चुकला की ते मारत. मारले की स्वतःच दूध तापवून देत. ते दूध मला आवडत असे. एकदा मी म्हणालो, मला बैलावर लिहायचे आहे. मामा म्हणाले, परीक्षेत बैल येत नाही. माझ्या वडिलांचा बैल घटसर्पाने मेला, त्यानंतर वडील कोणाशी फार बोलले नाहीत आणि वर्षभरात गेले. म्हणून मला गुरांचा डॉक्टर व्हायचे आहे. हे मी कोणाला सांगितले नाही. मला कोणी विचारले नाही.

यात तुम्हाला दोष द्यायचा नव्हता. लिहिता लिहिता तसे आले. मायला तुम्हीच सांगा, माझ्याने होत नाही.

आपला,
सहदेव


अकोला
३१ डिसेंबर १९६२

चि. सहदेव यास आशीर्वाद.

हे पत्र तू निघण्याआधी पोचते की नाही, कोण जाणे. मायला सांगितले. ती उठून कामावर गेली.

तुझ्या ओळी वाचून दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या मुलांना म्हणालो, आज पाठ म्हणायचे नाही, घरच्या बैलावर लिहा. संध्याकाळी त्यांचे बाप आले. म्हणाले, मास्तर, मार्च तोंडावर आला, पाठ केले त्यालाच मार्क मिळतात, पोरांचे वाटोळे करता काय? खोटे काय होते त्यात? मी पुन्हा नदी सांगायला लागलो. मला दुसरे येत नाही रे. या वयात शिकवणार कोण?

वलगावला दर दिवाळीला मी तुमच्या घरी येत असे. तो बैल अंगणातच बांधलेला असे, त्याच्याच बाजूला माझी खाट टाकत. परवापासून आठवून पाहतो आहे, मला त्याचा रंगसुद्धा आठवत नाही. बोटीवर तुला वेळ असेल. सुचेल तसे, मोडक्या इंग्रजीत का होईना, मला लिही. तो कसा होता? तुझे वडील त्याला काय नावाने हाक मारत?

मुंबईच्या धक्क्यावर मी उभा असेन. ओळख दे म्हणजे झाले.

तुझा,
मामा