निर्दोष भाषा

रत्नागिरी,
बुधवार, ता. १८ मे १९३२

प्रिय आत्माराम,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

मंगळवार, ता. १० मे, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. ही वेळ आधी लिहून ठेवते. कॉन्व्हेंटात असताना रोज संध्याकाळी सिस्टर आम्हा मुलींना ओळीने उभे करी आणि म्हणे, आधी दिवस सांग, मग वेळ सांग, मग काय केलेस ते सांग. सबब असेल तर सर्वांत शेवटी, आणि शक्यतो नसावीच. दिवस आणि वेळ सांगून झाली. पुढच्यासाठी मला थोडा अवकाश दे.

माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा पावसाच्या आधीच कुरकुरू लागला आहे. तू पाठवलेले आंबे पोचले. निम्मे डागी निघाले, पण बहिणीला पाठवायचे आंबे कोणी निवडून भरत नाही हे मला ठाऊक आहे. मुलांना आशीर्वाद.

तुझ्या बंगल्यात आणि माझ्या खोलीत एक विहीर आणि शाळेचे कुंपण एवढेच अंतर. तरी पत्र लिहिते, कारण मी समोर आले की तू चहा मागवतोस आणि विषय बदलतोस. पत्राला चहा पाजता येत नाही. कामाच्या गोदूबाईला सांगून ठेवले आहे की तुझ्या हातातच द्यायचे.

भागोजीवर अन्याय झाला आहे. तू उपदेशकांच्या वर्गाचा मुख्य, परीक्षा-समितीचा अध्यक्ष, आणि निकालावर सही तुझी. तेव्हा अन्याय तू केलास असेच मी धरून चालते. निदान या पानावर तरी.

तीन वर्षे तो माणूस तुझ्या वर्गात बसला. पावसाळ्यात बाकावर, पाऊस सरला की म्हाताऱ्या उपदेशकांच्या मागून गावोगाव, त्यांची पेटी डोक्यावर घेऊन. शास्त्राचा इतिहास, सिद्धांत, मंडळीचा इतिहास, गायन, सगळ्यांत तो पास झाला. गायनात तर मिशनच्या साहेबांनी मान डोलावली होती. राहिले होते ते परीक्षा-प्रवचन. ते झाले की पावस गावचे मिशनचे ठाणे त्याचे. तिथली खोली पावसाआधी शाकारूनसुद्धा ठेवली होती. बाप्तिस्मा घेतल्यापासून त्याचे भाऊ त्याला अंगणात उभे करीत नाहीत. पावस गेले म्हणजे त्याला दुसरे गाव नाही.

प्रवचन हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावर होते. तू हजर होतास, तरी सांगते, कारण निकालाच्या कागदावर जे घडले ते उतरलेले नाही. त्याने उभे राहून सगळे घडाघडा म्हटले. तीन मुद्दे, प्रत्येकाला उपसंहार, कुठे अडखळला नाही. संपल्यावर समितीतले महिपतराव, चर्चच्या मंडळीचे वडीलधारे या नात्याने, पुढे झुकले आणि म्हणाले, "भागोजी, 'करुणेचा अथांग सागर' हे तू शिकलास कुठे? तुमच्या गावच्या वहाळात तर गुडघाभर पाणी!" साहेब हसले, म्हणून सगळे हसले. मग तू विचारलेस, "हे प्रवचन तुझे आहे का?" तो गप्प. "कोणी लिहून दिले?" तो गप्प. तू त्याला बाहेर बसायला सांगितलेस, चहा आला, आणि चहा संपायच्या आत तो लबाड ठरला. नियम आहे, प्रवचन उमेदवाराचे स्वतःचे असावे. नियम मला ठाऊक आहे. त्या नियमाची मराठी मीच तपासून दिली होती.

चहा येण्यापूर्वी तू माझ्याकडे वळलास. "दमयंतीबाई, भाषेबद्दल आपले मत?" समितीत तू मला अक्का म्हणत नाहीस. मी म्हणाले, "भाषा निर्दोष आहे."

तेव्हा दहा वाजून वीस मिनिटे झाली होती. समोरच घड्याळ होते. मी दुसरीकडे कुठे बघणार होते?

आता सोमवारचे सांगते. रविवारी पेंटेकॉस्टच्या सणाच्या उपासनेला भागोजी आला नव्हता. प्रत्येक माणसाने आपापल्या बोलीत देवाचे शब्द ऐकल्याचा तो पाठ तू वाचलास आणि मी दाराजवळच्या त्याच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. सोमवारी दुपारी त्याची बायको राही माझ्या दारात आली. हातात काळा कोट, धुऊन घडी केलेला. प्रवचनासाठी मीच त्याला दिला होता. तुझाच जुना.

मी म्हटले, "आत ये."

"नको बाय. ह्यो कोट घ्या. आमी शनवारच्या बोटीनं मुंबैला चाललंव. म्होरं बोटी बंद होतील."

"मुंबईत काय करणार?"

"तो गोदीत जाईल, मी भांडी घाशीन. तिथं कोन प्रवचनं मागत नाय."

मी विचारले, आणि विचारताना माझा आवाज मलाच आवडला नाही, "भागोजी माझ्याबद्दल काही बोलला का?"

ती हसली. कशी ते सांगता येत नाही, पण तसे हसणे मी वर्गात कधी खपवून घेतले नसते. "तो काय बोलतोय! मलाच सगळा ठावं हाय. म्हयनाभर गोठ्यात उभा ऱ्हाऊन घोकीत व्हता. म्हशीला म्हनून दाखवी. एक दिस म्हैस दावा तोडून भायेर गेली. मी म्हटलं, बघ, तिला बी पटला नाय." मग हसू थांबले. "बाय, माज्या घोवाच्या तोंडात तुमी तुमचं दात बसवलंव. त्याचं चांगलं व्हतं ते काढून. आता त्याला ना तुमच्या दातांनी बोलता येत, ना सवताच्या."

मी म्हटले, "मग त्याने समितीत माझे नाव का नाही घेतले? मी काय त्याला बांधून ठेवले होते?"

"मी बी तेच म्हटलं. तो म्हनला, मी बाईंच्या तोंडाकडं बघितलं. त्या घड्याळाकडं बघत व्हत्या. मग मी काय बोलायचं?"

कोट माझ्या पायरीवर ठेवून ती गेली. अजून तो खुर्चीच्या पाठीवर आहे. मी त्याच्याकडे पाठ करून लिहिते आहे.

तर आता सिस्टरच्या क्रमाने. मी काय केले? भागोजीचे प्रवचन मी लिहिले. नुसते शब्द सुधारून दिले नाहीत, नुसत्या त्यांच्या जागा बदलल्या नाहीत. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी लिहिले आणि त्याच्याकडून पाठ करून घेतले. तुम्ही त्याला विचारत होता तेव्हा खोलीत उत्तर माहीत असलेली मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. त्याला लबाड ठरवताना मी हात वर केला. एकमताने, असे तुझ्या कागदावर आहे. ते खरे आहे.

त्याने आधी स्वतःचे प्रवचन आणले होते. ते ऐक. कोकणात मेंढरे कोण पाळतो, म्हणून त्याने मेंढरू काढून पाडा, गाईचे वासरू, घातला होता. "आमचा पाडा तिन्हीसांजेला हरावला, तवा बापूस गडग्यागडग्यानं हाका मारीत गेला. त्याला वाटेत लोक म्हनालं, एक पाडा नं, जाऊ दे. बापूस म्हनाला, तुमचा एक, माजा तोच. पाडा गावला तवा बापसानं आदी त्याला दोन शिव्या घातल्या, मग गळ्यात हात टाकून रडला. देव तसाच हाय. आदी वरडंल, मग रडंल." एवढेच. संपले. त्यात मुद्दे नव्हते, उपसंहार नव्हता. मी म्हटले, "भागोजी, देव शिव्या घालीत नाही." तो म्हणाला, "घालीत नसंल बाई, पन बापूस घाली. आनि शिव्या ऐकल्याव मला कळलं, की पाडा गावला." मी लाल पेन्सिल घेतली.

सबब सर्वांत शेवटी. इथे माझी सबब आहे, आणि ती तू आजवर ऐकलेली नाहीस.

मी स्वतःला सांगत होते की भागोजीला पास करायचे म्हणून हे केले. साहेबांना शुद्ध भाषा हवी असते, महिपतरावांना मुद्दे हवे असतात, गरिबाचे भले होईल. सोमवारी राही गेल्यावर मी उंबऱ्यावरच बसून राहिले आणि मला आठवले की ते लिहिताना भागोजी माझ्या मनात एकदाही आला नव्हता. मी लिहीत होते आणि ऐकत होते. माझ्या डोळ्यांसमोर मंडळी भरली होती, बायका डाव्या हाताला, पुरुष उजव्या, आणि बोलत मी होते. तीस वर्षे या वर्गाला मी मराठी शिकवली. किती उपदेशक माझ्या हाताखालून व्यासपीठावर गेले. मी त्या पायऱ्या चढले ती फक्त सणाला फुले ठेवायला. आमच्यासाठी बायबल-बाईचा अभ्यासक्रम आहे, त्यात ओटीवर बसून बायकांना गोष्टी सांगायच्या. सांगितल्या. पण मला उभे राहून बोलायचे होते, आत्माराम. ता. १० ला भागोजी बोलू लागला तेव्हा माझे ओठ हलत होते. मला त्याची काळजी वाटत नव्हती, माझ्या वाक्यांची वाटत होती, ती नीट पडतील ना याची. म्हणूनच तू मत विचारलेस तेव्हा मी जे म्हणाले ते खोटे नव्हते. मी माझीच पाठ थोपटत होते. एक माणूस बुडत असताना.

म्हणजे मी त्याचे तोंड वापरले. ते तोंड तुम्ही बंद केलेत, पण वापरले मी. हे लिहायला मला तीन पाने लागली. सिस्टरने एव्हाना मला भिंतीकडे तोंड करून उभे केले असते.

आता तुझ्याकडे येते. शेवटचा परिच्छेद सुरू झाला, तो मेंढपाळ दिवा उंच धरून हाक देतो तो, तेव्हा तू चष्मा काढलास आणि रुमालाने पुसत राहिलास. तो परिच्छेद मला भागोजीसाठी लिहिताना पहिल्यांदा सुचला नव्हता. तो मी पूर्वी एकदा लिहिला होता, एका तरुण उमेदवाराच्या परीक्षा-प्रवचनासाठी, आणि तो उमेदवार पहिल्या वर्गात पास झाला होता. त्याला कोणी वहाळाचे पाणी विचारले नाही, कारण त्याची बहीण कॉन्व्हेंटात शिकलेली आणि तो स्वतः बूट घालणारा. त्याचे नाव मी या पत्रात लिहीत नाही. पाकिटावर आहे.

तू ओळखलेस. भागोजीला बाहेर पाठवलेस तेव्हा तुला ठाऊक होते की ते कोणाचे आहे. तू मला वाचवलेस, आणि माझ्याबरोबर आणखी एकाला. मी नऊ दिवस तुझ्यावर रागावले, भिंतीशी भांडले, गोदूबाईला विनाकारण दोनदा बोलले. पण तू जे बोलला नाहीस तेच मी बोलले नाही. तुझ्यावरचा राग मी कुठे टाकायचा? तो परत माझ्याच ताटात येतो.

तर माझे म्हणणे असे. समिती पुन्हा बोलाव. मी उभी राहून सांगेन की प्रवचन माझे होते आणि एकमतात माझा हात होता. तुझ्याबद्दल मी काही बोलणार नाही. ते तुझे तू ठरव. भागोजीला पुन्हा बोलायला द्या, त्याच्या पाड्यावर, शिव्यांसकट. महिपतरावांना शिव्या खटकल्या तर त्यांनी त्या वेळेपुरते अंगणात जाऊन बसावे. त्यानंतरही तो नापास झाला, तर नापास होईल, पण स्वतःच्या तोंडाने. आणि पुढच्या पावसाळ्यापासून भाषेच्या परीक्षकांत माझे नाव नको. लाल पेन्सिल मी चुलीत घातली. चांगली जळत नाही.

तू हे केले नाहीस तर शनिवारी सकाळी मी बंदरावर जाईन. बोटीवर नेणाऱ्या पडावात बसायच्या आधी भागोजीला, ऐकणाऱ्या सगळ्या लोकांदेखत, मी हेच सांगेन. रविवारी उपासना संपल्यावर मंडळीला सांगेन. व्यासपीठावर चढणार नाही. खालूनच, बायकांच्या बाजूने. माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो, तुला ठाऊक आहे.

पण मला तिथवर जायचे नाही. तू त्याला स्वतः थांबवावेस असे मला वाटते, आणि तू थांबवशील असेही कधीकधी वाटते. लहानपणी तू माझी कपबशी फोडलीस की स्वतः येऊन सांगत असस. कोणी शिकवले नव्हते.

मला उत्तर लेखी हवे. शुक्रवारी, ता. २० ला, दिवेलागणीच्या आत. निरोप नको, चहाला बोलावणे नको, साहेबांचा सल्ला नको. तुझ्या हाताने लिही आणि तुझ्या शब्दांत लिही. चुका असल्या तरी मी त्यांना हात लावणार नाही. तुझे शब्द कसे असतात ते मला अजून वाचायचे आहे.

तुझी अपराधी,
अक्का