आडातलं कासव, माळ्यावरचं घुबड

८ जानेवारी
ह्यांच्या तोंडून आज तीन शब्द, सलग. ‘कॉर्डाटा. रेप्टिलिया. टेस्टुडिनीस.’ मीठ मागता येत नाही, परसातल्या आडातल्या कासवाचं वर्गीकरण येतं. आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. अर्धांगाच्या झटक्यातून तेवढं वाचलं.
स्पीच थेरपीच्या बाई खूश. रोज दोन जीव घ्या म्हणाल्या. सारखं काय, वेगळं काय, विचारा.

९ जाने.
दुसरा जीव माळ्यावरचं गव्हाणी घुबड. दोघंही घरचीच. संघ एक. मग वाट फुटते: ‘एव्हिज’, पक्षी. गण, कुल बरोबर. शेवटी ‘टायटो आल्बा’. मी पुस्तकातलं नवं नाव दाखवलं, जावानिका. ह्यांनी हात झटकला.

१२ जाने.
धाकटे दीर, वेंकट भावजी, चेन्नईहून पोंगलला. आल्या आल्या आडाकडे.
‘वैनी, हा बुजवू या. अण्णांचा पाय घसरला तर?’
भीती खोटी नाही. उजवा पाय अजून ओढतात.
‘आणि कासव?’
‘वेण्णार नदीत सोडू. त्यात काय?’
हे नुसते ‘न... न...’

१३ जाने.
भावजींसमोरच विचारलं, धोका कुणाला किती. कासव? ‘लीस्ट कन्सर्न.’ घुबड? ‘व्हल्नरेबल’, म्हणजे धोक्यात. नेमकं उलटं. घुबडं सगळीकडे आहेत. कमी होतंय ते कासव. चूक कळली त्यांना. कपाळावर हात मारला. शब्द फिरेना.
भावजी: ‘ऐयो, प्रोफेसरच म्हणतात कासवाला धोका नाही!’
मी कॉफी केली.

१५ जाने.
पोंगल. ऊस दारात. जेवताना हे आपण होऊन: ‘कासव... व्हल्नरेबल.’ थांबले. ‘घुबड लीस्ट कन्सर्न.’ मग बोट भावजींकडे. ‘हा पण.’
भावजींना हसता हसता ठसका. मग म्हणाले, ‘सरी, ठीक आहे. बुजवायचं की वर जाळी, गवंड्याला अण्णाच सांगू देत. फोनवर. वैनी, तुम्ही मधे बोलायचं नाही.’

१६ जाने.
सराव. गवंडी तमिळ, त्याला ‘कंबी’ म्हणायला हवं, जाळीचे लोखंडी गज. हे ‘कंबी’ म्हणायला जातात, ‘टेस्टुडिनीस’ येतं. दोघंही हसलो. संध्याकाळी एकदा नीट आलं. एकदाच.

१७ जाने.
छान ऊन. हे आडाचा काठ धरून उभे. कासव वर आलेलं, नाक तेवढं पाण्याबाहेर.
फोन. गवंडी: ‘अम्मा, मण्णा, कंबिया?’ माती की गज.
फोन ह्यांच्या डाव्या हातात दिला.
कानाला लावला त्यांनी. आधी घसा साफ केला, वर्गात शिरताना करायचे तसा.